हौदापासून अकरा पावलं

दगडू, कमानीवरचा तो वाघच आहे. सिंह नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी तुला हे सांगितलं होतं, त्याच्या आधीही शंभरदा सांगितलं होतं. तू तोंडातला तंबाखू गालात सरकवून म्हणालास, "तलवाड्याला जाऊन ये, मंग सांगतो." मी बैलांच्या सणाला गावाकडं गेलो, चार दिवस राहिलो, आणि परत येऊन बघतो तर तुझ्या जागेवर पालथं घातलेलं घमेलं. दोन दिवसांच्या तापात तू गेलतास. वाद अर्धा टाकून निघून जायची ही कुठली रीत, बे?

आज दसरा. महिन्याच्या वर दिवस झाले. इतके दिवस मी तुझ्यावर रुसून होतो, खरं सांगतो. तुझ्या जागेकडं पाठ करून बसायचो. पण आज सकाळी चौकात एक गोष्ट घडली आणि ती तुला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, म्हणून हा कागद. जन्मभर लोकांचे अर्ज मी उर्दूत लिहिले. हे मात्र मराठीत लिहितोय, कारण तुला उर्दू वाचता येत नव्हतं. मराठी तरी कुठं येत होतं म्हणा! पण तुझ्याशी जे बोललो ते मराठीतच, तेव्हा तेच बरं.

चौकाची हकीकत मी तुला काय सांगणार? तूच ती साऱ्या मुलखाला सांगत होतास. घाटनांदूरचा कापसाचा गाडीवान असो, वडवणीचा मेंढरंवाला असो, नाहीतर नगरच्या रस्त्यानं आलेला कुणी टोपीवाला असो, परका माणूस कमानीखालून आत शिरला रे शिरला की तुझी कातड्यातली आरी थांबायची. हात धोतराला पुसत तू उठायचास. "या पाव्हणं! बीडला आलात न हौदाचा चौक न्हाई बघितला, तर घरी जाऊन काय सांगताल?" तो बिचारा बाजाराला आलेला असायचा, त्याला मीठ नाहीतर दोरखंड घ्यायचं असायचं. तू त्याचा हात धरून कमानीपाशी न्यायचास.

"ही कमान एका रात्रीत उभी राहिली."

"खोटं हाय ओ पाव्हणं," मी माझ्या चटईवरून ओरडायचो. "दगडादगडावर पाथरवटांच्या खुणा हायेत. कमीत कमी दोन वर्सं लागली असतील."

"ह्यांच्याकडं ध्यान देऊ नका. मुन्शी हायेत, कागद खाऊन जगतेत. ह्या वरच्या खोलीत नगारा वाजायचा. पहाटंचा नगारा झाला की नदीच्या पल्याड म्हशी पान्हा सोडायच्या."

पाहुणा हसायचा. मग तू त्याला कमानीवरचं ते कोरलेलं जनावर दाखवायचास, ज्याचं तोंड फुटलेलं आहे. तोफेच्या गोळ्यानं फुटलं, असं तुझं म्हणणं. माकडांनी दगड पाडून फोडलं, असं माझं. मग गुप्तीवाल्यांची आळी. साधी हातातली काठी दिसते, मूठ ओढली की आतून पातं निघतं. ते पाहून पाहुण्याचे डोळे मोठे व्हायचे आणि तुला असा आनंद व्हायचा की गुप्ती जणू तूच घडवलीस. मग अत्तरवाला, बांगड्यांची ओळ, बुधवारच्या बाजारातली शेळ्यांची दाटी. आणि शेवटी, सगळ्यांत शेवटी, हौद.

हौद मात्र खरोखर बघण्यासारखा आहे, त्यात मी तुझ्याशी कधी भांडलो नाही. आठ कोनांचा, काळ्या दगडाचा, मधे दगडी कमळ. गावाबाहेरच्या विहिरीचं पाणी खापराच्या नळांतून जमिनीखालून येतं आणि त्या कमळातून वर उसळतं. कुणी बांधला, मला माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं, पण तू तीन वेगवेगळ्या राजांची नावं सांगायचास, पाहुणा कुठल्या गावचा आहे ते बघून.

आपलं भांडण तेच होतं. मी म्हणायचो, जे माहीत आहे ते सांगावं, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणावं. तू म्हणायचास, "माणूस दहा कोस चालून येतो बे, त्याला माहीत न्हाई म्हणून परत लावू?" मी अर्जनवीस. सरकारी स्टांपाच्या कागदावर माझी सही होते. ज्याचे दोन बैल मेले आणि चार लिहा म्हणतो, त्याला मी चटईवरून उठवून लावायचो. तो जाता जाता माझ्या सात पिढ्या काढायचा. कचेरीत मात्र म्हणायचे की ह्या मुन्शीचा कागद असेल तर शहानिशा करायची गरज नाही. मला त्याचा गर्व होता, दगडू. लपवत नाही.

आणि तू? तुझ्या धंद्यात तू माझ्याहून कडक होतास. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, आता म्हणतो. बकऱ्याचं कातडं तू स्वतः वडवणीच्या बाजारात जाऊन, बोटानं चाचपून आणायचास. वहिनी घरी शिवण घालायच्या. पाण्याची ती कातडी पिशवी, छागल, तयार झाली की पाण्यानं भरून तू लिंबाच्या फांदीला टांगायचास. तीन दिवस त्यातलं पाणी काळपट निघायचं, कमावलेल्या कातड्याचा वास मारायचा, ते ओतून टाकायचं. शिवण फुगून घट्ट बसायची. चौथ्या दिवसापासून पाणी असं गार व्हायचं की दात शिवशिवायचे. पण तरी विकायची नाही! सात अनोळखी माणसांनी त्यातलं पाणी पिऊन नाव ठेवलं नाही तरच ती विकायची, हा तुझ्या बापाचा नेम. एकेक माणूस प्यायला की तू छागलीच्या दोरीला एकेक गाठ मारायचास. सहा गाठींची छागल मागणाऱ्या गिऱ्हाईकाला तू परत पाठवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

उन्हाळ्यात त्या लिंबाखाली माणसांची रांग लागायची. तहानलेला माणूस ओंजळ पुढं करायचा, तू वरून धार धरायचास आणि त्याच्या तोंडाकडं बघायचास. मी एकदा म्हटलं, "माझी बी गाठ मार की. मी रोज पितो." तू म्हणालास, "तू अनोळखी हायेस का बे? तुझी गाठ धरत न्हाईत." मी त्या दिवशी दुपारभर खुशीत होतो, आणि ती खुशी दिसू नये म्हणून तीन गिऱ्हाइकांवर खेकसलो.

हौदाच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या वर हातभर, तो लेखाचा दगड. काठावरून वाकलं तरी तो वाचता येत नाही, पाण्यात उतरून समोर उभं राहावं लागतं. चार ओळी फारसीत, अक्षरं एकमेकांत गुंतलेली, आणि वर शेंदूर. दर दसऱ्याला तू हौदात उतरून त्या दगडाला तेल-शेंदूर लावायचास. तुझा बाप लावायचा, तू लावायचास. बायका लांबून हात जोडायच्या, जुम्म्याला कुणी कुणी उदबत्ती लावून जायचं. दगडावर काय लिहिलंय ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच तू बिनधास्त सांगायचास.

"त्यात लिवलंय, हौद तहानलेल्यासाठी हाय. माणूस असो, जनावर असो, कुणाला पाण्यावाचून परत लावू नका. आन् जो दुसऱ्याची तहान भागवतो, त्याला इथून कुणी उठवू नका."

"तुला कुणी वाचून दाखवलं?" मी विचारायचो.

"बापानं सांगितलं."

"बापाला फारसी येत होती?"

"तुला येती का? न्हाई ना? मंग गप बस."

ते मला लागलं. मला उर्दू यायचं, फारसी येत नव्हती. तुला खोटं पाडायचं म्हणून, दगडू, केवळ तेवढ्यासाठी, मी कमानीपलीकडच्या एका म्हाताऱ्या मौलवीसाहेबांकडं फारसी शिकायला गेलो. दोन वर्षं. बायको म्हणायची, ह्या वयात कशाला डोळे फोडताय? तिला काय सांगू, की एका छागलवाल्याशी माझी पैज लागली आहे?

मग तो उन्हाळा आला. हौदातला गाळ काढायला सगळा चौक उतरला होता आणि पाणी घोट्यापर्यंत होतं. तू कातडी आणायला वडवणीला गेलतास. दुपारी सगळे जेवायला पांगले तेव्हा मी आत उतरलो आणि बोरू तासायच्या चाकूनं शेंदूर खरवडला. वरच्या दोन ओळींवरचा चटकन निघाला. तिसऱ्या ओळीवर मात्र बोटभर थर, खरवडता खरवडता माझा हात दुखून आला. मला वाटलं, दगडाचा तो भाग खोलगट असेल.

पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि मी तिथंच मटकन खाली बसलो. हौद तहानलेल्यांसाठी बांधला. माणूस असो, जनावर असो, पाण्यावाचून कुणाला परत लावू नये. तू सांगायचास तेच, अगदी तेच! मग तिसरी ओळ वाचली. चामड्याचा धंदा करणाऱ्यानं या हौदापासून चाळीस पावलांच्या आत बसू नये.

चौथ्या ओळीचे पोपडे निघालेले होते, नाव नाही, साल नाही. मी वर आलो आणि हौदाच्या काठापासून तुझ्या लिंबापर्यंत चालत गेलो. अकरा पावलं.

मी हसलो, खोटं कशाला बोलू. एकटाच उन्हात उभा राहून हसलो. दोन पिढ्या ज्या दगडाला तुम्ही शेंदूर लावला, त्या दगडात तुम्हालाच हाकललं होतं! ती ओळ वाचली गेली की बसायची मनाई. धंदा गावाबाहेर, ओढ्याकाठी, जिथं तहानलेलं कुणी फिरकत नाही. उघड्या पडलेल्या ओळीवर ओला गाळ थापून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी चौकात भर गर्दीत काय बोलायचं ते वाक्य मनात घोटून ठेवलं होतं. "पाव्हणं, दगडात काय लिहिलंय ते मी सांगतो." एवढंच बोलायचं आणि मग तुझं तोंड बघायचं.

दुसऱ्या दिवशी तू उन्हातून आलास. डोक्यावर कातड्यांचा भारा, पाय धुळीनं भरलेले. भारा टाकलास आणि स्वतः पाणी प्यायच्या आधी तुझ्याबरोबर रस्त्यानं आलेल्या एका म्हाताऱ्या धनगराच्या ओंजळीत धार धरलीस. आणि धार धरता धरता त्याला दगडाची गोष्ट सांगू लागलास. "जो दुसऱ्याची तहान भागवतो, त्याला इथून..." मी तोंड उघडलं होतं, दगडू. वाक्य जिभेवर होतं. तू माझ्याकडं वळून म्हणालास, "आता ओरड की, खोटं हाय म्हणून." मी म्हटलं, "घसा बसलाय." त्याच संध्याकाळी तू हौदात उतरलास आणि दसरा नसताना दगडाला ताजा शेंदूर फासलास. गाळ काढताना पुसला गेला, म्हणालास. मला हायसं वाटलं.

पुढं मला बरेच दिवस चैन पडलं नाही. तू राजांची नावं खुशाल बदल, म्हशींना पान्हा फोड, मी ओरडायचो. पण पाहुण्याला घेऊन तू दगडापाशी आलास की मी दौतीत बोरू घालून ढवळत बसायचो. तुझ्या लक्षात आलं नाही असं मला वाटायचं.

मग कचेरीतल्या मोठ्या साहेबांची मोटार आली. मोटार हेच तेव्हा चौकातलं सगळ्यांत मोठं नवल. बांगड्यांची ओळ, अत्तरवाला, शेळ्या, सगळे भोवती गोळा. तिच्या नाकातून वाफ येत होती आणि साहेबांच्या नाकाला रुमाल होता. कमानीजवळ कापडाचं नवं दुकान टाकलेल्या शेटजींनी अर्ज केला होता, कातड्याच्या वासानं गिऱ्हाईक थांबत नाही. (अर्ज माझ्याकडं लिहायला आणला होता. मी नाही म्हटलं, तेव्हा दुसऱ्याकडून लिहून घेतला.) साहेब कमरेवर हात ठेवून तुला विचारत होते, "किस हक से बैठा है यहाँ?"

तू हात धोतराला पुसत राहिलास. तू, ज्याचं तोंड कधी बंद नसायचं! शेटजी मधेच म्हणाले, "हुजूर, दगडात हक लिहिलाय म्हणून सगळ्यांना सांगतो हा. वाचून तरी घ्या."

साहेबांनी हौदात डोकावून पाहिलं. पायांत चकचकीत बूट, गुडघ्यापर्यंत पट्ट्या. त्यांच्या कारकुनानं, पेशकारानं, आपल्या नव्या सलवारीकडं पाहिलं. आणि मग सगळा चौक माझ्याकडं बघायला लागला. खरा मुन्शी. ज्याच्या कागदाची शहानिशा करावी लागत नाही.

मी धोतर खोचून पाण्यात उतरलो. पाणी कमरेएवढं, गार. काठावर तू उभा होतास आणि तुझं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मला वाटलं, साहेबाला भ्याला बिचारा. तू खाली वाकलास आणि हळूच म्हणालास, "जसं आसंल तसं वाच, मुन्शी." मला वाटलं, किती विश्वास आहे ह्याचा आपल्या बापाच्या गोष्टीवर! मी दगडासमोर जाऊन उभा राहिलो.

मी वाचलं. पहिली ओळ, जशी होती तशी. दुसरी, जशी होती तशी. तिसऱ्या ओळीवरच्या जाड शेंदरावर बोट ठेवून मी मोठ्या आवाजात वाचलं, "जो दुसऱ्याची तहान भागवतो, त्याला इथून कुणी उठवू नये." आधी फारसीत बनवून म्हटलं, मग उर्दूत समजावलं. माझी फारसी मौलवीसाहेबांनी ऐकली असती तर कान पिळला असता.

साहेब म्हणाले, नक्कल लिहून द्या. मी ओल्या धोतरानं चटईवर बसलो आणि स्टांपाच्या कागदावर तिन्ही ओळी लिहिल्या, खाली सही केली. जन्मातला एकच खोटा कागद. शाईचा ठिपकासुद्धा पडला नाही, इतका हात स्थिर. साहेबांनी नक्कल वाचली, घडी केली, शेटजींना म्हणाले, जुना हक आहे, चालू द्या. आणि मोटारीकडं बोट दाखवून तुला म्हणाले, हिलाही तहान लागली आहे. तू दोन छागली तिच्या नाकात ओतल्यास आणि दोन्हींच्या दोऱ्यांना गाठी मारल्यास! मी विचारलं, ह्या कुणाच्या? "मोटारीच्या. ती बी अनोळखीच की," म्हणालास.

दुसऱ्या दिवशी माझ्या चटईवर एक नवीकोरी छागल होती. दोरीला एकच गाठ. "सात कुठं हायेत?" मी म्हटलं. "हिला एकच पुरती," एवढं बोलून तू आरी हातात घेतलीस. मला वाटलं, साहेबांनी एक घोट घेतला असेल, त्याचा तुला तोरा. इतकी वर्षं ती छागल माझ्या खिडकीत टांगलेली आहे आणि इतकी वर्षं मी तेच समजत होतो.

त्यानंतरच्या दसऱ्यापासून तू शेंदूर पातळ लावायला लागलास. नुसता हात फिरवल्यासारखा. खालची अक्षरं दिसायची. मला धडकी भरायची, कुणी तरी फारसीवाला उतरला तर? मी तुला डिवचून बघितलं, "शेंदूर महागला का बे?" तू हसलास. असं हसलास की तुझा तंबाखू सांडला. मी तुला चिक्कू म्हणालो. त्याबद्दल आज माफी मागतो.

आता आजची गोष्ट.

सकाळी चौकात झेंडूचे ढीग लागलेले. गुप्तीवाल्यांनी हत्यारं मांडून पुजली होती. वहिनी आल्या. कमरेला तुझ्या आऱ्या-कातरींचं फडकं, हातात शेंदराची वाटी. वाटी माझ्यापुढं धरली.

"भावजी, ह्ये दरसालचं काम. मला आता शेंदराला हात लावायचा न्हाई. तुमच्याबिगर कुणाला सांगू?"

मी धोतर खोचलं. वहिनी काठावर बसल्या आणि म्हणाल्या, "वरून तिसरी ओळ हाय ना, तिच्यावर ह्ये आधी जाड लावायचे. मामंजींच्या येळंपासून."

माझा पाय पाण्यात, तसाच राहिला. "कावून?"

"मामंजींना कुन्या मौलवीसायबानं वाचून सांगितलतं म्हणं. म्हणले, तिसरी ओळ तुमच्या फायद्याची न्हाई, शेंदूर लावून टाका, मी बी इसरून जातो. मामंजींनी ह्यांना सांगितलं."

"दगडूला माहीत होतं?"

"म्हाईत नसाया काय झालं! काय हाय ते मला कधी सांगितलं न्हाई, पर तुमी फारसी शिकाया जायलते तवा लई घाबरलते. म्हणायचे, मुन्शीला वाचाया यायला लागलं, आता दोन बोटं शेंदूर जास्त लावाया पायजे. दुसऱ्या कुणाच्या बी हातापाया पडता येतं, मुन्शी काय खोटं बोलायचा न्हाई."

दगडू, अरे! म्हणजे त्या दिवशी काठावर उभा असताना तू साहेबाला भ्यालाच नव्हतास. तू मला भीत होतास. माझ्या खरेपणाला भीत होतास. सगळं माहीत असून, धंदा जाणार, जागा जाणार हे कळून तू खाली वाकलास आणि म्हणालास, जसं आसंल तसं वाच. माझ्या सहीला बट्टा लागू नये म्हणून! आणि मी गाढव, मला वाटलं तुझा बापाच्या गोष्टीवर विश्वास आहे.

"साहेब येऊन गेले त्या दिवशी काय म्हणला घरी?" मी विचारलं.

"जेवलेच न्हाईत. ओट्यावर बसून हसतेत न डोळे पुसतेत, हसतेत न डोळे पुसतेत. मी म्हणलं, झालं काय? तर म्हणले, मुन्शीनं माझ्यासाठी खोटं वाचलं. मंग पुढल्या दसऱ्यापासून पातळच लावायलते. मी टोकलं तर म्हणले, आता कुणापासून झाकायचं?"

म्हणजे खिडकीतल्या छागलीची ती एकच गाठ साहेबांची नव्हती, माझी होती! मी पाण्यात उभा राहून रडलो. लोकांना वाटलं, दसऱ्याला मित्राची आठवण आली. ते काही खोटं नव्हतं.

इतकी वर्षं तू मला सांगितलं नाहीस की तुला माहीत आहे, मी तुला सांगितलं नाही की मी वाचलंय. रोज शेजारी बसून वाघ की सिंह म्हणून भांडलो, आणि ह्या एका गोष्टीवर दोघंही गप्प. मला आज त्याचं वाईट वाटत नाही. खरं विचारशील तर, दिवसभर छाती भरून आल्यासारखी वाटते आहे. माझ्यावर कुणी एवढी माया केली आणि मला पत्तासुद्धा लागू दिला नाही. तो मोठ्या तोंडाचा, थापाड्या दगडू गप्प राहू शकत होता म्हणायचा!

मी शेंदूर लावला. पातळच लावला, तुझ्यासारखा हात फिरवून. तिसरी ओळ अक्षर न् अक्षर दिसत होती.

बाहेर आलो तर वहिनी तुझ्या लिंबाकडं बघत उभ्या. फडकं कमरेलाच होतं. शेटजी दुकानाच्या पायरीवरून आमच्याकडंच बघत होते.

"शिवण तर मीच घालायचे, भावजी," वहिनी म्हणाल्या. "पोरगी म्हणती, आपलं घाटनांदूरला चल. पर माझं मन न्हाई. तिथं बसावं म्हणते, ह्यांच्या जागंवर. बाईमाणूस म्हणून कुणी उठवलं बिठवलं तर?" मग दगडाकडं वळून म्हणाल्या, "काय लिवलंय ओ त्या तिसऱ्या ओळीत? आता तर सांगा."

माझ्या धोतरातून पाणी निथळत होतं. मी दगडाकडं पाहिलं. शेटजींनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "जो दुसऱ्याची तहान भागवतो, त्याला इथून कुणी उठवू नये."

"असं व्हय," वहिनी म्हणाल्या. "मंग बसते."

आणि अकरा पावलं चालून त्या तुझ्या जागेवर जाऊन बसल्या.